उपस्थिती : निरंक

(रंगमंचावर एक बाक, छत्री, खांद्याची पिशवी. दुरून ट्रामची घंटा. पंचविशीतला तरुण हातात फॉर्म घेऊन येतो.)

सलाम मंडळी!

(दचकून मागे बघतो.) हे हल्ली घाबरतच म्हणतो. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती, आमच्यात पाळकसाहेबांना सलामच करतात. सोमवारी सुवार्ता सांगायला कलकत्त्यात आलो, एस्प्लनेडला उतरलो, पाळकसाहेबांना फोन लावला आणि खणखणीत म्हणालो, "सलाम साहेब!" उभा नेमका टिपू सुलतान मशिदीसमोर. चौघांनी 'वालेकुम अस्सलाम' केलं. पाळकसाहेब फोनवर, "वा रे पठ्ठ्या! पहिल्याच दिवशी चौघं?"

(फॉर्म फडकवत) दर शनिवारी हा भरून पाळकसाहेबांना पाठवायचा. भेटी, पत्रकं, उपस्थिती, अडचणी. उपस्थितीला अर्धं पान आणि अडचणींना अर्धी ओळ!

मंगळवारी न्यू मार्केटच्या तोंडाशी पत्रकं वाटली. एकानं विचारलं, "कितने का?" म्हटलं, फुकट. त्यानं पत्रक उलटंसुलटं केलं, उजेडात धरलं आणि परत दिलं. फुकट आहे म्हणजे माल डागी असणार!

बुधवारी झालमुडीवाल्या, म्हणजे इथल्या भेळवाल्या, दादांनी विचारलं, "घर कुठं?" म्हटलं, महाराष्ट्र. मिरची चिरणारा हात थांबला. "बर्गी?" बर्गी म्हणजे मराठे स्वार. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या बंगालवर झाल्या, त्या हे लोक अजून विसरले नाहीत. आपल्याकडे पोर झोपलं नाही की बागुलबुवा येतो. इथं मी येतो! आमच्या धास्तीनं शहराभोवती खंदक खणला होता, नावच मराठा खंदक. मी आलोय शांतीचा निरोप घेऊन, आणि स्वागताला खंदक!

(बाकावर बसतो.) गुरुवारी रडकुंडीला आलो. तेव्हा केरीसाहेब आठवला. विल्यम केरी, मिशनरी. मूळचा जोडे शिवणारा. १७९३ साली कलकत्त्यात आला. पहिला बंगाली बाप्तिस्मा कधी? १८०० च्या डिसेंबरात! सात वर्षं! त्याला हा फॉर्म असता तर? साडेतीनशेच्या वर शनिवार निरंक!

आणि तो पहिला माणूस कसा आला? कृष्ण पाल, सुतार. त्याचा खांदा निखळला, तो मिशनच्या डॉक्टरानं बसवला. सात वर्षांच्या उपदेशाला जे जमलं नाही, ते खांद्यानं केलं.

याच केरीनं वैजनाथ पंडितांच्या मदतीनं मराठीचं व्याकरण लिहून १८०५ साली छापलं. साहेब इथं बसून मराठी शिकला, आणि मला इथं धड पाणी मागता येईना. हे लोक पाणी खातात! जल खाबो!

शुक्रवारी पाऊस. पत्रकांचा लगदा.

(उठून) शनिवारी म्हटलं, निदान जेवू तरी नीट. भाताच्या हॉटेलात इलिश मासा मागवला. आम्हा नगरकरांना काटा ठाऊक तो बाभळीचा, पायात मोडणारा. हा घशात मोडला! (घसा धरून डोळे पांढरे करतो.) क्षणात गर्दी. एक म्हणे, कोरडा भात गिळा. दुसरा म्हणे, केळं. तिसरा म्हणे, होमिओपॅथी. केळं आणि होमिओपॅथीचं आपसात जुंपलं. तेवढ्यात कोपऱ्यात जेवणारा एक माणूस उठला. तोच तो, झालमुडीवाला! त्यानं भाताचा गोळा वळला, "हां कोर, बर्गी" म्हणत स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घातला. काटा गप्पकन खाली!

डोळे पुसले आणि पहिलं काम काय केलं? डोकी मोजली. चौदा!

(फोन कानाला.) "सलाम साहेब... हो, चौदा!... वचन? मासा होता साहेब... नाही, 'पाच भाकरी दोन मासे' नाही. एकच मासा, भाताचा एक गोळा... उपदेश? झाला की, भरपूर झाला... मी नाही, त्यांनी केला... हो, पुढच्या शनिवारचं बोलावणं आहे... मी त्यांना नाही, त्यांनी मला. मासा खायला शिकवणार आहेत."

(फोन ठेवतो. फॉर्म मांडीवर घेऊन लिहितो.)

उपस्थिती : चौदा.

अडचणी : (घशावरून हात फिरवतो.) होती. भाताबरोबर उतरली.

(ट्रामची घंटा. अंधार.)