तांबरममध्ये ॲपॉझिटिव्ह कसा ओळखावा
(बदलीवर आलेल्या मराठी माणसासाठी पाच पायऱ्यांचे मार्गदर्शन)

तांबरमला बदली झालेल्या मराठी माणसाची हिंदी स्टेशनाबाहेर पडेपर्यंत टिकते. तमिळ यायला वेळ लागतो. मधल्या काळात घरमालक, दूधवाला आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांच्याशी सगळा व्यवहार इंग्रजीत करावा लागतो, आणि ‘रेन अँड मार्टिन’ या व्याकरणातला ‘नाऊन इन ॲपोझिशन’, म्हणजेच ॲपॉझिटिव्ह, हा भाग तर आपण शाळेतच ऑप्शनला टाकलेला असतो. इथे तो टाकता येत नाही. नव्या गावात तुमची ओळख त्यातूनच करून दिली जाते, आणि बहुधा तुमच्या समोरच.

साहित्य: एक नाम, त्याच माणसाला किंवा वस्तूला लागू पडणारे दुसरे नाम, दोन स्वल्पविराम, गरज पडल्यास, आणि एक खोडरबर.

पायरी १ : जोडी शोधा

‘तांबरम, ए सबर्ब ऑफ चेन्नई, इज हॉट.’ यातले ‘ए सबर्ब ऑफ चेन्नई’ खोडून पाहा. ‘तांबरम इज हॉट’ उरते. मे महिन्यात यावर कोणी हरकत घेणार नाही. आता उलट करा, तांबरम खोडा. ‘ए सबर्ब ऑफ चेन्नई इज हॉट’ हेही खरेच. दोन्ही नामे एकाच जागेवर बसणारी, एकाच वस्तूबद्दल बोलणारी निघाली, की ॲपॉझिटिव्ह सापडला म्हणून समजा.

‘तांबरम, हॉट अँड ह्यूमिड,’ असे कोणी लिहिले तर मात्र फसू नका. स्वल्पविराम दोन आहेत, घामही आहे, पण दुसरे नाम नाही. ती नुसती विशेषणे.

पायरी २ : ‘हू वॉज’ची छाटणी करा

लोकल तांबरमच्या अलीकडे ‘तांबरम सॅनेटोरियम’ नावाच्या स्टेशनात थांबते. स्टेशनाला ज्याचे नाव मिळाले ते क्षयरोग्यांसाठीचे आरोग्यधाम १९२८ साली डॉ. चौरी मुत्तु यांनी उभारले. त्यांचा परिचय असा देता येईल: ‘डॉ. चौरी मुत्तु, हू वॉज रामानुजन्स डॉक्टर इन इंग्लंड, फाउंडेड इट.’ माहिती खरी आहे. इंग्लंडमध्ये आजारी पडलेले गणिती रामानुजन मेंडिप टेकड्यांतल्या ज्या सॅनेटोरियममध्ये काही काळ होते, ते मुत्तूंचेच. पण ‘हू वॉज’ असेपर्यंत हे पोटवाक्य आहे, त्याला कर्ता आणि क्रियापद दोन्ही आहेत. ते दोन शब्द छाटा. ‘डॉ. चौरी मुत्तु, रामानुजन्स डॉक्टर इन इंग्लंड, फाउंडेड इट.’ झाला ॲपॉझिटिव्ह फ्रेझ. रुग्ण तेच, डॉक्टर तेच, खर्च दोन शब्दांनी कमी.

पायरी ३ : स्वल्पविरामावरून कुटुंब मोजा

ही पायरी नाजूक आहे, ती सुट्टीच्या दिवशी निवांत करावी.

‘शिवाजीज ब्रदर एकोजी रूल्ड तंजावर.’ इथे ‘एकोजी’च्या आजूबाजूला स्वल्पविराम नाही, आणि नसणेच बरोबर. महाराजांना संभाजीराजे हे थोरले सख्खे बंधूही होते. त्यामुळे ‘ब्रदर’ म्हटल्यावर ‘कोणता?’ हा प्रश्न उरतो आणि एकोजी हे त्याचे उत्तर आहे. उत्तर खोडता येत नाही, म्हणून ते स्वल्पविरामांत कोंडायचे नाही. उलट ‘एकोजीज कॅपिटल, तंजावर,’ इथे स्वल्पविराम हवेतच. राजधानी एकच, नाव सांगितले ते केवळ सौजन्य.

आता सोसायटीच्या फॉर्मवर सराव करा. ‘माय वाइफ सुलभा’ असे बिनस्वल्पविराम लिहिलेत, तर कडक वैयाकरणाला वाटेल की सुलभाखेरीज आणखीही कोणी आहेत. हिंदूंच्या द्विभार्येला मुंबई इलाख्यात १९४६ साली, मद्रासमध्ये १९४९ साली आणि पुढे १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने देशभर मनाई झाली. म्हणजे ‘माय वाइफ, सुलभा,’ मधले स्वल्पविराम मुंबईकराला मद्रासकरापेक्षा तीन वर्षे आधी लागू झाले. वास्तविक रोजच्या इंग्रजीत हा नियम कोणी इतका ताणत नाही. पण सेक्रेटरी निवृत्त हेडमास्तर असतील तर ताणतात.

पायरी ४ : यादीपासून सावध

‘सर टी. माधवराव, दिवाण ऑफ त्रावणकोर, दिवाण ऑफ इंदूर अँड दिवाण ऑफ बडोदा.’ घाईत वाचले तर चार माणसे दिसतात. आहे एकच. १८२८ साली कुंभकोणमला जन्मलेले हे तंजावरी मराठी गृहस्थ तिन्ही संस्थानांचे दिवाण झाले, मात्र एकामागून एक. असे वाक्य आढळले की खुर्च्या मांडण्यापूर्वी येणारी माणसे मोजावीत. जाता जाता ‘टी.’ही पाहून घ्या: तो तंजावरचा. आपण ‘तंजावरकर’ असे गाव नावामागे लावले असते, दक्षिणेत ते एका अक्षरात आटोपून नावापुढे बसवतात.

पायरी ५ : हाक वेगळी काढा

‘धिस इज माय हाउस, सर,’ असे घरमालक म्हणतात. स्वल्पविराम आहे, त्यानंतर नामही आहे. तरीही ‘सर’ म्हणजे घर नव्हे, ‘सर’ म्हणजे तुम्ही. ते संबोधन आहे. तमिळनाडूत ‘सार’ वाक्यात कुठेही येऊ शकते. प्रत्येकाला ॲपॉझिटिव्ह समजलात तर संध्याकाळपर्यंत तुम्ही घर, पाण्याची मोटर आणि मीटर बॉक्स होऊन बसाल.

देखभाल

ॲपॉझिटिव्ह शिळा होतो. तांबरमचे मद्रास ख्रिश्चन कॉलेज १९३७पर्यंत ‘ए कॉलेज इन जॉर्ज टाउन’ होते, मग शहराबाहेर इथल्या झाडीत आले. ‘तांबरम, ए म्युनिसिपालिटी,’ हे २०२१ साली बाद झाले, कारण तेव्हा महानगरपालिका झाली. जुनी वही वापरणाऱ्यांनी दुरुस्ती करून घ्यावी.

स्वाध्याय

तुमचे घरमालक शेजाऱ्यांना सांगतात: ‘माय टेनंट, ए नॉर्थ इंडियन, ईट्स चपाती.’ यातील ॲपॉझिटिव्ह ओळखा.

ओळखणे सोपे आहे, पचवणे अवघड. तुम्ही कोल्हापूरचे असा, सोलापूरचे असा, तांबरमहून पाहता सगळे उत्तरेलाच येते. याच गल्लीत साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या तंजावरी मराठ्यांचे वंशज घरात मराठी बोलत असतील, पण ते नॉर्थ इंडियन नाहीत. हुज्जत घालू नका. ‘ए नॉर्थ इंडियन’ दोन स्वल्पविरामांमध्ये आहे, म्हणजे व्याकरणाने ते खोडता येते, आणि पहिल्या पोंगलपर्यंत बहुधा खोडलेही जाते. पुढे घरमालक तुमचे नाव घेऊ लागतील: ‘माय टेनंट, मिस्टर जोशी,’. यातले स्वल्पविराम जपा. त्यांचा अर्थ, भाडेकरू एकच आणि तो तुम्ही.

ज्या दिवशी त्यांच्या चिठ्ठीत ‘माय टेनंट मिस्टर जोशी’ असे सलग लिहिलेले दिसेल, त्या दिवशी पायरी ३ पुन्हा वाचा. भाडेकरू एकाहून अधिक झालेले आहेत. घर एकच असेल तर ॲडव्हान्स परत मागायला लागा.