चार सेकंद उरले असताना आलेल्या गृहस्थांस

प्रति,
र*क (४१२) यांस,
पत्ता : साइटला माहीत, मला नाही.

स. न. वि. वि.

आपली ओळख नाही आणि व्हायची सोयही ठेवलेली नाही. लिलावाच्या साइटने आपल्या नावाची दोन टोकं तेवढी दाखवून मधला भाग चांदण्यांखाली झाकला आहे. पुढे कंसात एक आकडा आहे, तो आपल्या सचोटीचा दाखला समजायचा. चारशे बारा जणांनी आपल्याला चांगलं म्हटलं. म्हटलं असेल. ज्यांनी आपल्याला माल दिला किंवा आपल्याकडून घेतला, तेच अभिप्राय लिहितात. ज्याच्या हातातोंडाशी आलेला घास आपण नेलात त्याला तिथे रकाना नाही. म्हणून हे पत्र चव्हाट्यावर.

प्रसंगाची आठवण करून देतो. गेल्या रविवारची गोष्ट. इंग्लंडात रात्रीचे नऊ, पुण्यात दीड. लॉटचं नाव ‘इंडियन टेंपल टोकन्स, जॉब लॉट’. विकणारा कोणी ब्रिटिश मनुष्य, बंद पडलेल्या घरांतलं सामान उक्तं उचलून सुटं विकणारा. कुणाच्या तरी आजोबांच्या खणात जे जे गोल आणि तांबडं सापडलं ते त्याने टॉवेलवर मांडून फोटो काढला होता. देवांच्या छापाची दोन पितळी टोकनं (रामटंके), गणवेशाचं एक बटण, झिजून गुळगुळीत झालेले चार-दोन पैसे. आणि डाव्या कोपऱ्यात, वरची बाजू कुठली हे न कळल्यामुळे चक्क उलटी ठेवलेली एक शिवराई.

शिवराई म्हणजे काय हे आपल्याला सांगायची गरज नाही, ते मला चार सेकंदांत कळलंच. पण पत्र इतरही वाचतील. तांब्याचा पैसा. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. १६७४च्या राज्याभिषेकानंतर हा पैसा सुरू झाला आणि पेशवाई बुडाल्यावरही एकोणिसाव्या शतकात लोकांच्या कनवटीला होता. टांकसाळी ठिकठिकाणी, त्यांतल्या बऱ्याच मक्त्याने दिलेल्या, त्यामुळे शुद्धलेखन कारागिराच्या मर्जीवर. शिव, शीव, सिव, सीव, सगळे सापडतात. चकती लहान आणि ठसा मोठा, त्यामुळे निम्मी अक्षरं नाण्याबाहेर. आडव्या दोन रेघांची दुदांडी शिवराई तर अजून ढिगाने मिळते. ही दुदांडी नव्हती. जाड होती, कडेचं ठिपक्यांचं वर्तुळ जवळजवळ पूर्ण होतं आणि अंगावर तो काळसर तपकिरी थर होता, ज्याला आम्ही पॅटिना म्हणतो आणि घरातली मंडळी मळ म्हणतात.

मी लॉट उघडल्या दिवशीच बोली लावली. आपला कमाल आकडा यंत्राला गुपचूप सांगून ठेवायचा, समोरून बोली आली तर यंत्र आपल्या वतीने लागेल तेवढंच चढवतं, अशी ती रीत. माझा कमाल आकडा एकतीस पौंड. आठवडाभर बोली आठ पौंडांवर निवांत बसून होती. शेवटच्या मिनिटाला मी पडद्यासमोर होतो. वीस सेकंद, दहा, सहा. चारावर आकडा एकदम लाल झाला : बत्तीस. मी नवा आकडा टाइप करेपर्यंत ‘हा लिलाव संपला आहे’ अशी सुबक पाटी आली होती.

आता लोक माझं सांत्वन करतात की अरेरे, एका पौंडाने गेलं. या सांत्वनानेच मला झोप येत नाही. कारण आपण बत्तीस पौंड बोललाच नाहीत. यंत्र दुसऱ्या क्रमांकाच्या आकड्यावर एक पायरी चढवतं आणि थांबतं. बत्तीस हा माझाच एकतीस आहे, वर एक पौंड दक्षिणा. आपण यंत्राच्या कानात काय सांगितलं होतं? तेहतीस? सत्तर? तीनशे? तेहतीस असेल तर मी बोट जरा लवकर हलवलं असतं तर नाणं माझं होतं. तीनशे असेल तर मी रात्रभर जागलो काय आणि घोरत पडलो काय, सारखंच. या दोन दुःखांची जात वेगळी आहे हो! माझ्या वाट्याला त्यांतलं कुठलं आलं एवढं तरी कळायला हवं होतं. ते फक्त आपल्याला माहीत आहे.

या पद्धतीमागचा विचार विल्यम विक्री नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली मांडला. ज्यात जिंकणारा दुसऱ्या क्रमांकाची किंमत देतो अशा बंद लिलावात मनातला खरा आकडा सांगून मोकळं होणं हेच शहाणपणाचं, असं त्याने सिद्ध केलं. १९९६ साली त्याला नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांनी बिचारा वारला. मीही खरा आकडा सांगून मोकळा झालो होतो. विक्रीसाहेबांच्या कागदावर आपल्यासारखे गृहस्थ नव्हते आणि घड्याळही नव्हतं.

ते दोघांनी पुढे शोधलं. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स यांनी २००२ साली ईबे आणि ॲमेझॉन यांच्या तेव्हाच्या लिलावांची तुलना छापली. ईबेवर ठरलेल्या ठोक्याला लिलाव बंद. ॲमेझॉनवर शेवटच्या क्षणी बोली आली तर मुदत आपोआप वाढायची, दहा मिनिटं कोणी बोललं नाही तरच बंद. शेवटच्या क्षणी झडप घालणारे ईबेवर भरपूर निघाले, ॲमेझॉनवर जेमतेम. आणि ईबेवरही संगणकांपेक्षा जुन्या वस्तूंच्या लिलावात हा प्रकार जास्त. कारण उघड आहे. संगणकाची किंमत पेटीवर छापलेली असते. जुन्या वस्तूची किंमत जाणकाराच्या डोक्यात असते आणि जाणकाराने तोंड उघडलं की ती सगळ्यांना कळते. म्हणजे ‘टेंपल टोकन’च्या ढिगात काहीतरी आहे ही बातमी माझ्या बोलीने आठवडाभर फुकट वाटली, आणि आपण ती वाचत गप्प बसलात. तज्ज्ञ आहात. अभिनंदन.

आमच्याकडे लिलाव म्हणजे काय ते ऐका. गावच्या जत्रेत देवाच्या नारळाचा लिलाव होतो. पुकारणारा ‘एकवार’ म्हणतो आणि सगळ्यांकडे पाहतो. ‘दोनवार’ म्हणतो आणि ज्याने आधी बोली लावली होती त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहतो. ‘तीनवार’ तोंडातून निघण्याआधी मागून कोणी खाकरलं तरी पुन्हा पहिल्यापासून. बोली कधी संपली? लोक गप्प झाले तेव्हा. घड्याळ कुणी पाहिलं? कुणीच नाही. बाजार समित्यांत हत्त्याची पद्धत होती, रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, आणि त्यात शेतकरी नागवला जातो म्हणून तिला बंदी आली. पण हत्त्यातसुद्धा समोरच्याचा हात आपल्या हातात असायचा! पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे नाण्यांच्या पथारीवर एक नियम कुठेही लिहिलेला नाही आणि सगळे पाळतात : एकाच्या हातात नाणं असेल तर त्याने ते खाली ठेवेपर्यंत दुसऱ्याने भाव विचारायचा नाही. मनात कितीही कळ उठो. शेजारी उभं राहायचं, भलतंच नाणं उचलून भिंगातून बघत असल्याचं सोंग करायचं. तो बिनडोक मनुष्य ते ठेवतो की नाही यावर दिवस अवलंबून असतो, पण हात पुढे जात नाही.

थकलेल्या कर्जापोटी बँका लोकांच्या सदनिका जप्त करून ई-लिलावात काढतात, त्या जाहीर नोटिशी वर्तमानपत्रात वाचत जा. त्यांच्यासारखं रुक्ष वाचन दुसरं नाही. पण त्यातल्या बऱ्याच नोटिशींत असं कलम असतं, की शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली तर वेळ आणखी पाच मिनिटांनी वाढेल, पुन्हा आली तर पुन्हा. बँकेला! जप्तीच्या अधिकाऱ्याला! त्यालाही सुचलं की समोरच्याला ‘नको’ म्हणायची उसंत द्यावी. सुचलं नाही ते फक्त आमच्या साइटला, कारण ठोक्याला संपणारा लिलाव जास्त रंगतो आणि रंगला की आम्ही पुन्हा येतो.

बाकीच्या तक्रारी आपल्या नावावर मांडत नाही. नाण्याहून टपालखर्च जड असतो, तो आपला दोष नाही. विकणाराच दुसऱ्या नावाने स्वतःच्या मालावर बोली चढवतो, ही जुनी लबाडी आहे. २००० साली अमेरिकेत एका बनावट चित्राचा भाव अशाच संगनमताने सव्वा लाख डॉलरांच्या वर गेला आणि प्रकरण फौजदारी न्यायालयात संपलं. ‘तुमच्याकडचं दोन रुपयांचं नाणं पाच लाखांना घेतो, आधी कमिशन भरा’ म्हणणारे फोनवर भेटतात. त्यांच्यापायी रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये निवेदन काढून सांगावं लागलं की जुनी नाणी आणि नोटांच्या असल्या व्यवहारांशी आपला काही संबंध नाही आणि आपण कसलंही कमिशन मागत नाही. हे सगळे चोर आहेत आणि चोराला कोणी खुलं पत्र लिहीत नाही. आपण नियमात राहून केलंत, म्हणून पत्राचा मान आपल्याला.

इथवर सभ्यपणे लिहिलं. परवा एका मित्राने जे सांगितलं त्यानंतर ते जमत नाही. तो म्हणाला, अरे तो माणूस जागा कशाला असेल? अशा बोलीसाठी प्रोग्रॅम मिळतात, पंचवीस वर्षांपासून मिळतात. लॉटचा नंबर द्यायचा, आकडा द्यायचा, किती सेकंद आधी ते सांगायचं आणि झोपायचं.

म्हणजे तुम्ही झोपला होतात?

मी तुम्हाला ‘आपण’ म्हणत होतो. डोळ्यांपुढे एक माणूस होता, बोट माउसवर, श्वास रोखलेला, माझ्याइतकाच वेडा. त्याच्याकडून हरलो याचंही एक समाधान होतं. आणि तुम्ही पांघरूण घेऊन पडला होतात! सकाळी चहा पिताना फोन पाहिलात, ‘अभिनंदन, आपण लॉट जिंकलात’ हे वाचलंत आणि दुसरं काहीतरी उघडलंत. एक अख्खी रात्र मी एका टायमरशी लढलो. हे असलं जिंकणं तुमचं तुम्हालाच लखलाभ. हौस आहे तर जागा ना रात्रभर! जिवाला घोर लावून घ्या. हरण्याची भीती न वाटता मिळालेली शिवराई आणि किलोने घेतलेलं मोडीचं तांबं यांत मला काही फरक दिसत नाही.

हे लिहून पाणी प्यायलो आणि तुमच्या नावावर टिचकी मारली. नाव झाकलेलं असलं तरी साइट गेल्या तीस दिवसांचा गोषवारा दाखवते. तुम्ही फक्त नाण्यांत बोली लावता. एका वस्तूवर एकच. याच विक्रेत्याकडे असं काही नाही, निरनिराळ्या विक्रेत्यांकडे. वस्तूंची संख्या पाहून मी जरा थबकलो. एवढ्या वस्तूंवर एकेकदाच आकडा लावणाऱ्याचा हिशेब सरळ आहे : यातल्या बऱ्याच त्याला मिळाल्या नसणार. चार सेकंदांवर तुम्ही येता, तर दोन सेकंदांवर येणाराही कोणीतरी असेलच. सकाळी चहा पिताना ‘आपण हरलात’ हेही तुम्ही वाचत असाल, आणि त्यावर बोलायला घरात कुणी असेल असं वाटत नाही. शिवराईत मळ न दिसणारी माणसं एका घरात दोन नसतात. शिवाय टॉवेलवरच्या त्या धूसर फोटोत, उलट्या ठेवलेल्या नाण्यावरची ‘राजा’ची अक्षरं साऱ्या पृथ्वीवर आपण दोघांनीच वाचली. दुसऱ्या कोणी वाचली असती तर बोली आठवर बसली नसती.

तुम्ही कुठे राहता कोण जाणे. भारतात असाल तर नाणं आता इथेच राहील. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते तुम्हाला बाहेर विकता यायचं नाही. लेस्टरला किंवा न्यू जर्सीला असाल तर पुन्हा एखाद्या खणात जाईल. ते तुमचं तुम्ही बघा. माझं काम वेगळं आहे.

फोटोत ‘श’च्या डावीकडे टॉवेलच्या घडीची सावली पडली होती. वेलांटी डावीकडून येते की उजवीकडून, हे मला आठवडाभर ठरवता आलं नाही. मी एकतीस पौंड त्या सावलीखाली काय आहे यासाठीच लावले होते. तेव्हा नाणं हातात आलं की खिडकीपाशी न्या, ऊन तिरकं पडेल असं धरा आणि पाहा : ‘शिव’ आहे की ‘शीव’? वजनही करा. किराणा दुकानाच्या काट्यावर नको, सोनाराच्या काट्यावर, दोन दशांशांपर्यंत. फोटो दोन्ही बाजूंचे पाठवा. संदेशाची सोय साइटवर आहे, माझंही नाव चांदण्यांखाली आहे, पण त्या लॉटवर तुमच्या खाली एकटाच मी आहे, सापडेन.

आणि एक. नाण्याला चिंच लावू नका, लिंबू लावू नका, ब्रासो तर स्वप्नातही नको. तो थर बसायला फार वर्षं लागतात. चकाकणारी शिवराई दिसली तर मी तुमचा कंसातला आकडा विसरून थेट तुमच्या दारात येईन, आणि पत्ता कसा मिळवायचा तेही तोवर शिकलेला असेन.

कळावे, लोभ नसला तरी उत्तर असावे.

आपला,
क्रमांक दोन