भिंतीवरचा एकुलता एक वाचक

सार्वजनिक वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर स्थानिक कलेचा आविष्कार व्हावा, असा ठराव ज्या सभेत एकमताने संमत झाला, त्या सभेत ही कला नेमकी कोठली असावी याची विचारपूस करण्याइतकी फुरसत कोणापाशी नव्हती, कारण चहा आला होता. परिणामी नगर शहराशेजारच्या भिंगारात वारली चित्रे अवतरली. वाचनालय कोणते, हे वाचकांनी विचारू नये. या सदरापुरते ते काल्पनिक समजावे, आणि ज्यांना ते आपल्याच गल्लीतले वाटेल त्यांनी तसे वाटल्याचे मनातच ठेवावे.

वारली चित्रकला ही डहाणू, तलासरी, जव्हार या पट्ट्यातील आदिवासींची. लग्नप्रसंगी तेथील सवाशिणी घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक रेखाटतात. अशी ही समर्थ कला सह्याद्री ओलांडून आमच्या दुष्काळी मुलखात आली तर तिचे स्वागतच आहे. परंतु घरपट्टीची पावती जोडली नाही म्हणून ज्या मुलखात नळाचा अर्ज परत येतो, त्या मुलखात एका अख्ख्या चित्रशैलीला एकही कागद न मागता रहिवासी दाखला मिळावा, हे नवल आहे.

तरीही येथवर सारे क्षम्य होते. परंतु वाचनालयाच्या भिंतीवर वाचनाचा संदेश हवाच, अशी सूचना ऐनवेळी निघाली. आणि मग चक्राकार नाचणाऱ्या स्त्रीपुरुषांच्या मध्यभागी जो तारपावादक उभा असतो, ज्याच्या सुरावर ती अखंड साखळी वळते, ज्याने वाळल्या भोपळ्याचे आणि बांबूचे ते लांबलचक वाद्य खाली ठेवले तर नाचाचे प्रयोजनच संपते, त्या गृहस्थाच्या हातून तारपा काढून घेऊन त्याच्या हाती एक उघडे पुस्तक देण्यात आले. आता सारा पाडा हातात हात गुंफून, वाद्यावाचून, एका वाचणाऱ्या इसमाभोवती फेर धरून नाचत आहे. ज्यांनी आमच्या वाचनकक्षात शांतपणे चार पाने वाचण्याचा यत्न केला आहे, त्यांना हे दृश्य अतिवास्तव मुळीच वाटणार नाही.

या वाचकाकडे मी बराच वेळ पाहत उभा राहिलो. त्याचे धड दोन त्रिकोणांचे असून मस्तकाच्या जागी एक भरीव वाटोळा ठिपका आहे. शैलीच्या नियमाप्रमाणे त्याला डोळे नाहीत. डोळ्यांवाचून ग्रंथ पारखण्याची ही प्रथा सभासदांत नवी असली, तरी पुस्तक-खरेदी समितीत ती जुनी आहे. एरवीही हा आदर्श सभासद म्हणावा लागेल. तो बसावयास खुर्ची मागत नाही, पंखा लावा म्हणत नाही, मासिक वर्गणी वाढली म्हणून कुरकुरत नाही, पान उलटत नसल्यामुळे पान फाडत नाही, आणि पुस्तक मुदतीत परत केले नाही तरी ते इमारतीबाहेर जाण्याचे भय नाही. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने सुरू केलेल्या अनुदानव्यवस्थेत ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडले जातात, आणि वर्ग ठरविताना ग्रंथांचा नि सभासदांचा आकडा पाहिला जातो. तेव्हा भिंतीवरील समस्त मंडळींची नावे सभासद-नोंदवहीत चढवून 'ड' वर्गातून 'क' वर्गात बढती मिळावी, असा अर्ज यथावकाश रवाना होईल याविषयी मला शंका नाही. तपासणीस आलेल्या अंमलदारापुढे शिरगणती करण्यासही अडचण पडणार नाही: ही मंडळी सहीसाठी शोधावी लागत नाहीत, आणि ती वर्तुळात उभी असल्यामुळे मोजणी कोठे थांबवावी हे मोजणाऱ्याच्या मर्जीवर राहते, अंमलदार घाईत नसेल तर 'अ' वर्गही दुर्घट नाही.

भिंतीच्या आत खरी पुस्तके आहेत. ती लोखंडी कपाटात, काचेआड, कुलपात आहेत. किल्ली ज्यांच्याकडे असते ते बाहेरगावी गेलेले असतात; ते गावात असले तर किल्ली बाहेरगावी गेलेली असते. भिंगारजवळच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ ते १९४५ या काळात स्वातंत्र्यलढ्याचे पुढारी स्थानबद्ध होते. पंडित नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' १९४४ साली त्याच तटबंदीत लिहिले, आणि मौलाना आझादांच्या 'गुबार-ए-खातिर'मधील पत्रेही तेथलीच. तेथे माणसे कुलपात होती आणि पुस्तके बाहेर पडली. येथे पुस्तके कुलपात आहेत आणि माणसे केव्हाच बाहेर पडली आहेत.

बरे, स्थानिक कलाच हवी होती, तर तिच्यासाठी डहाणूपर्यंत धाव घेण्याचे कारण नव्हते. नगर शहर ज्या प्राचीन वस्तीलगत वसले ती वस्ती भिंगारच होय. १४९० मध्ये निजामशाहीने येथे पाय रोवले, आणि पुढे त्याच घराण्याच्या आश्रयाने दख्खनी चित्रकलेचे अगदी आरंभीचे नमुने निर्माण झाले. हुसेन निजामशहाच्या स्तुतिपर आफताबी नामक कवीने रचलेल्या 'तारीफ-ए-हुसेनशाही' या फारसी काव्याची १५६५ च्या सुमाराची सचित्र पोथी आज पुण्यात जतन केलेली आहे. तिच्या एका पानावर स्त्रीच्या स्पर्शाने झाड फुलते. आणि काही पानांवर सुलतानाशेजारी बसलेल्या राणीची आकृती मागाहून कोणीतरी पुसून टाकलेली दिसते. म्हणजे आमची स्थानिक कला जन्मली तीच मुळी पुस्तकाच्या पानांत. वाचनालयाला याहून सोयीचा पूर्वज कोणता हवा होता? पण त्यासाठी कोणीतरी एखादे पुस्तक उघडून पाहावे लागले असते, आणि किल्लीची हकीकत वर आलीच आहे.

पुसण्याची ती परंपरा मात्र आम्ही निष्ठेने चालविली आहे. भिंतीच्या तळाशी 'सौजन्य' म्हणून जी नावे आहेत, त्यांतील एकेक अक्षर नाचणाऱ्या बाईपेक्षा उंच आहे. आणि ज्या पेंटरने ही अक्षरे काढली, ती नाचणारी बाई काढली, बिनडोळ्यांचा तो वाचक काढला, त्याचे नाव कोठेही नाही. कोपऱ्यात बोटभर जागेत त्याने ते लिहिले होते. उद्‌घाटनाच्या आदल्या दिवशी त्यावर गेरूचा हात फिरविण्यात आला, आणि तोही त्याच्याच हातून. या माणसाने एके काळी दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या फळ्या, शाळेतले सुविचार आणि गणपतीच्या मंडपामागचे हिमालय रंगविले. फ्लेक्स आला आणि ज्याच्या ब्रशाला वळण होते तो मनुष्य एका हंगामात निरुपयोगी ठरला. आता त्याला बोलावून, मोबाइलवर कोणा दूरच्या भिंतीचे छायाचित्र दाखवून, 'असंच काढ' असा हुकूम होतो; त्याला स्वतःला काय काढता येते, हे विचारले जात नाही. मजुरी चौरस फुटावर, रंग त्याचा, शिडी त्याची, आणि बिल मंजुरीसाठी तहकूब! फुलांच्या गुच्छांचे, मांडवाचे, ध्वनिक्षेपकाचे पैसे त्याच संध्याकाळी रोख दिले गेले. स्थानिक कलेवर भाषणे करावयाची आणि स्थानिक कलावंताला दप्तराच्या दारात चार वेळा हेलपाटे घालावयास लावायचे, याला कलाप्रेम म्हणत नाहीत. याला लबाडी म्हणतात, आणि ती करणाऱ्यांनी हार गळ्यात घालून घेतले म्हणून तिचे नाव बदलत नाही.

पेंटरचे बिल चुकते करा. त्याचे नाव सौजन्याच्या वरच्या ओळीत लिहा. कपाटाची किल्ली दाराशी खिळ्याला टांगा. यांपैकी पहिल्या कामाला पैसे लागतील, पण ते देणेच आहेत. उरलेल्या दोहोंना ना अनुदान लागते, ना ठराव.