बंद करायच्या पंधरा तऱ्हा

लॅपटॉप बंद करायला कितीसा वेळ लागतो? विंडोज व्हिस्टाने त्या क्षणभराच्या कामाला विचारमंथनाची प्रतिष्ठा दिली. स्टार्ट मेनूत लॉग ऑफ, लॉक, स्विच यूझर, रीस्टार्ट, स्लीप, हायबरनेट आणि शट डाऊन असे ७ पर्याय, शिवाय शेजारी २ चित्रबटणे. जोएल स्पोल्स्की या प्रोग्रॅमर-लेखकाने २००६ मध्ये त्यांत एफएन कळीच्या जोड्या, पॉवरचे बटण आणि झाकण मिटणे एवढे मिळवून बेरीज १५ वर नेली. त्यातही गंमत अशी, की पॉवरचे चिन्ह असलेले चित्रबटण दाबले की यंत्र बंद होतच नसे. झोपे.

यावर त्या मेनूवर वर्षभर राबलेल्या प्रोग्रॅमरनेच खुलासा केला. त्याच्या हिशेबाने या एका मेनूत ४३ जणांना बोलण्याचा अधिकार होता. लग्नाच्या बोलणीत निदान एखादी आत्या शेवटचा शब्द आपल्याकडे ठेवते. इथे तीही नव्हती.

मुळात यंत्राच्या झोपेच्या पायऱ्या पुष्कळ. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये आणलेल्या एसीपीआय या मानकात एस-० ते एस-५ अशा अवस्था आहेत. एस-३ मध्ये चालू काम रॅममध्ये राहते, एस-४ मध्ये ते डिस्कवर जाते. इंजिनिअरला हा फरक ठाऊक हवाच. पण जेवायला उठलेल्या माणसाला तो विचारायचा कशाला?

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने हा प्रश्न मनावर घेतला. तिथल्या अभ्यासातून २००४ मध्ये आयईईई १६२१ हे मानक आले. त्यात अवस्था तीनच: चालू, झोप, बंद. हिरवा दिवा, पिवळट दिवा, दिवाच नाही. झोपेला चंद्रकोर. आणि वर्तुळ फोडून डोकावणारी ती रेघ? तिचा नियमातला अर्थ 'स्टँडबाय' होता, पण पॉवरच्या बटणावर ती सर्रास बसली होती. मानकाने मुकाट्याने तिला 'पॉवर' हाच अर्थ दिला. प्रस्तुत लेखकाच्या मते इतकी समंजस माघार तंत्रज्ञांनी क्वचितच घेतली असेल.

आपल्याकडे चौथी अवस्थाही असते: भिंतीवरचा खटका. अमेरिकेतल्या सॉकेटांना तो सहसा नसतो, म्हणून तिथले टीव्ही रात्रभर अर्धवट जागे. इथे आजोबा झोपण्याआधी फेरी मारून सगळ्यांचा निकाल लावतात.

पण खटक्यालाही न जुमानणारी युक्ती २०१२ मध्ये विंडोज ८ ने काढली. पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावे म्हणून शट डाऊन केल्यावर कर्नलची स्थिती डिस्कवर जपून ठेवायची. खरोखर बंद करायचे तर शिफ्ट दाबून शट डाऊन करा. हे त्या मेनूत लिहिलेले नसते. रीस्टार्ट मात्र सगळे पुसून नव्याने मांडते. म्हणजे बंद म्हटले की अर्धवट बंद, आणि पुन्हा चालू म्हटले की आधी पूर्ण बंद! 'साहेब, कालच शट डाऊन केलाय हो' असे कितीही सांगा, ऑफिसातला कॉम्प्युटरवाला फोनवर पुन्हा विचारतो, 'ते ठीक, पण रीस्टार्ट केलंत का?'