शेजारची पोरगी शब्दांच्या नादाला लागली!

ऐकलंत का? नाही ना? मग खुर्ची अशी जवळ घ्या आणि दार लोटा, प्रकरण जरा नाजूक आहे. आमच्या सोसायटीतली दुसऱ्या मजल्यावरची ती गुणी पोरगी, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची, येता-जाता ‘काकू, काही आणायचंय का?’ विचारणारी, तिनं परवा भर जिन्यात सख्ख्या आजीला ‘गॅर्युलस’ म्हटलं. तोंडावर! आजींना वाटलं, पोरगी साडीचं कौतुक करतेय. त्या अशा काही खुलल्या की साडी कुठून घेतली, कितीला घेतली, दुकानदाराच्या सुनेचं माहेर कुठलं, हे सगळं होईपर्यंत माझ्या हातातली दुधाची पिशवी कोमट झाली. गॅर्युलस म्हणजे अखंड बडबड करणारी. आता पोरीचं चुकलं म्हणावं, तर तसंही म्हणता येईना!

बरं, ही एकटीच असती तर ‘असेल बाई परीक्षेचा ताण’ म्हणून सोडून दिलं असतं. पण साथच आली आहे. कोथरूड, कर्वेनगर, पिंपळे सौदागर, तिकडे ठाणे, डोंबिवली, नाशिक, नागपूर, जिथे म्हणून इंजिनिअरिंग कॉलेज आणि समोर चहाची टपरी, तिथे एकच कुजबुज: व्हर्बल किती आलं? या साथीचं नाव जीआरई. अमेरिकेत एमएसला जाणाऱ्यांची परीक्षा. घेणारी संस्था ईटीएस, मुक्काम प्रिन्स्टन, न्यू जर्सी. गणिताला म्हणजे क्वांटला जास्तीत जास्त १७० आणि इंग्रजीला म्हणजे व्हर्बललाही १७०. दोन्हीकडे तळ १३० चा, त्यामुळे कितीही दिवे लावले तरी त्याखाली कुणी जात नाही. आपल्या इंजिनिअर मुलांचा ठरलेला नमुना म्हणजे क्वांटला १६७ आणि व्हर्बलला १४६. बाप चारचौघांत १६७ चा आकडा खणखणीत सांगतो, आणि पुढचा आकडा विचारला की त्याला नेमका फोन येतो.

मग त्या १४६ वर उपचार सुरू होतात. पहिला उपचार अप्पा बळवंत चौकात. तिथून ‘बॅरन्स’चं जुनं, पिवळं पडलेलं पुस्तक यायचं, साडेतीन हजार शब्दांची यादी पोटात घेऊन. हल्ली पोरं मगूश आणि ग्रेगमॅट या ऑनलाइन शिकवण्यांची नावं घेतात, यादी मोबाइलवर आली आहे, पण चाळे तेच. यादी ‘ए’पासून सुरू होते, म्हणून पोरंही ‘ए’पासूनच सुरू करतात. अबेस, अबेट, अबेयन्स, अ‍ॅबजुअर. पंधरवडाभर जोर. मग सबमिशन येतं, मग मावसभावाचं लग्न येतं, यादी ‘सी’वर बारगळते, आणि गणपतीनंतर पुन्हा नव्या उमेदीनं अबेस, अबेट! त्यामुळे ‘ए’चे शब्द इथल्या कुठल्याही पोराला झोपेत विचारा. ‘व्ही’चा एखादा विचारलात तर तो चष्मा पुसायला घेईल.

आणि घराची काय दशा केलीय म्हणता! फ्रिजवर चिठ्ठ्या, बेसिनच्या आरशावर चिठ्ठ्या. एका घरी तर देव्हाऱ्याच्या दारावर ‘ब्लॅस्फेमी’, म्हणजे चक्क ईश्वरनिंदा. मी पाहिलं आणि कानावर हात ठेवले. नुसत्या चिठ्ठ्या तरी परवडल्या, पण शब्द लक्षात ठेवायच्या ज्या युक्त्या काढल्यात, त्या ऐकून तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेली पिढी गहिवरेल की हाय खाईल, सांगता येत नाही. ‘पेन्युरी’ म्हणजे दारिद्र्य. का, तर पेनसुद्धा उधारीचं! ‘इन्डोलंट’ म्हणजे आळशी. बसल्या जागी डोलणारा. ‘कॉय’ म्हणजे लाजरी; आंब्यातल्या कोयीसारखी आत दडलेली. ‘मिटिगेट’ म्हणजे तीव्रता कमी करणं; भांडण मिटवतात तसं. ‘डिबॅकल’ म्हणजे धूळधाण, डबा गुल! हसू नका. पेपरात ‘डिबॅकल’ आला आणि डबा आठवला, तर मार्क मिळणार तिला, तुम्हाला-मला नाही.

पाठांतराची खोड मात्र आपल्याकडे आजची नाही, हे कबूल करायला हवं. पाठशाळेतली मुलं अमरकोश घोकायची. तीही शब्दांची यादीच, फक्त छंदात बांधलेली. एका देवाची पाच-पंचवीस नावं एका दमात. फरक इतकाच, की त्या बटूनं आजीला तोंडावर विशेषणं लावली नसती.

आता खरी आतली बातमी सांगते, पण माझं नाव पुढे करू नका. ज्या परीक्षेसाठी हे सगळं चाललं आहे, ती परीक्षा राहिलेलीच नाही! ‘या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द सांगा’ आणि ‘याला हे तर त्याला काय’ असे प्रश्न ऑगस्ट २०११ मध्ये बाद झाले. तेव्हाच २०० ते ८०० ची जुनी मोजपट्टी गेली आणि १३० ते १७० आली. एका पिढीचं घोकणं एका फटक्यात बाद, आणि आमच्याकडे यादी अजून देव्हाऱ्यावर! यादी सोडवत नाही त्याचं कारण साधं आहे. यादी संपवता येते, तिच्यावर टिक करता येते, आईला दाखवता येते. वाचन दाखवणार कसं? पोरगं पुस्तक घेऊन खिडकीत बसलेलं दिसलं की आपणच ओरडतो, अभ्यास नाही का रे तुला?

सध्याचा एक प्रश्न कसा असतो, तो त्या पोरीनंच मला ओट्यापाशी उभं राहून समजावला. मी शेंगा सोलत होते. वाक्य द्यायचं, एक जागा रिकामी ठेवायची आणि खाली सहा पर्याय. त्यातले दोन निवडायचे, असे की दोन्ही घालून वाक्याचा अर्थ सारखाच झाला पाहिजे. तिनं माझ्यासाठी मराठीत वाक्य जुळवलं: ‘सभेत तास-तासभर बोलणारे अध्यक्ष घरी मात्र अगदी अमुक असत, बायकोच्या प्रश्नालाही नुसती मान हलवत.’ पर्याय: गॅर्युलस, टॅसिटर्न, जीनियल, लोक्वेशस, रेटिसंट, इरेट. मी म्हटलं, गॅर्युलस आणि लोक्वेशस, दोन्हींचा अर्थ बडबड्या, झाली की जोडी! आजींच्या कृपेनं एक शब्द मला पाठच होता. पोरगी म्हणाली, ‘काकू, यादीवाले सगळे इथेच पडतात.’ जोडी खरी, पण वाक्यात ‘घरी मात्र’ आहे. त्या ‘मात्र’नं गाडी उलटी फिरवली, म्हणजे हवेत अबोल, टॅसिटर्न आणि रेटिसंट. दोन्ही बरोबर आले तरच मार्क. एक बरोबर, एक चूक, तर शून्य, अर्धा मार्क वगैरे लाड नाहीत. सहातून दोनच्या जोड्या होतात पंधरा, तेव्हा डोळे मिटून बोट ठेवणाऱ्याला किती आशा, ते तुम्हीच बघा. तीन रिकाम्या जागांचा प्रश्न आणखी खट: प्रत्येक जागेला तीन पर्याय आणि तिन्ही जागा जमल्या तरच गुण. म्हणजे अंदाजपंचे मारलं तर सत्ताविसात एक संधी. त्यातल्या त्यात दया इतकी, की चुकलेल्याला वजाबाकी नाही. रिकामं सोडण्यापेक्षा ठोकून द्यावं.

म्हणजे बघा, साडेतीन हजार भारदस्त शब्द एका बाजूला, आणि निकाल लावणार कोण, तर ‘बट’, ‘दो’, ‘डिस्पाइट’ असले किरकोळ शब्द, जे आपण पाचवीतच शिकलो आणि तेव्हापासून ज्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. क्लासवाले हे सांगत नाहीत असं नाही. सांगतात. पण चिठ्ठीवर ‘बट’ लिहून फ्रिजला कोण लावणार? पाहुणे हसतील.

त्याहून भयंकर म्हणजे उतारे. व्हर्बलचे निम्मे प्रश्न उताऱ्यांवर असतात. कधी एकोणिसाव्या शतकातल्या कादंबऱ्या, कधी जमिनीखालच्या हालचाली, कधी पक्ष्यांची स्थलांतरं. लेखक अमुक का म्हणतो, तमुक का म्हणत नाही, या वाक्याचं तिथे काम काय. सगळे मिळून २७ प्रश्न आणि ४१ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी दीड मिनिट. त्यात उतारा वाचायचा, समजून घ्यायचा आणि ‘मला पक्ष्यांशी काय करायचंय’ असं म्हणायचं नाही. आमच्या मागच्या बिल्डिंगमधला मुलगा यासाठी रोज एक लांबलचक इंग्रजी लेख वाचतो, सकाळी, उपाशीपोटी. ऑक्टोपसला मन असतं का, यावर त्यानं वडिलांशी जेवताना वाद घातला. वडील बँकेतून निवृत्त, त्यांना ऑक्टोपसशी कर्तव्य नाही. आई मला म्हणाली, ‘वाईट संगत लागली असावी.’ मी विचारलं, कोणाची? तर म्हणाली, ‘नियतकालिकांची!’

व्याकरणाची तऱ्हा वेगळी. जीआरईत व्याकरणाचा वेगळा प्रश्न नाहीच. एमबीएवाल्यांच्या जीमॅटमध्ये वाक्य दुरुस्त करायचे प्रश्न होते, तेही २०२३ च्या नव्या स्वरूपात गेले. तरी प्रत्येक घरात लाल रंगाचं ‘रेन अँड मार्टिन’ आहेच, उघडलं न जाणारं, पण टाकूनही न दिलं जाणारं. त्यातले रेनसाहेब म्हणजे ‘बो जेस्ट’ ही पलटणीतल्या शिपायांची साहसकथा लिहिणारे पी. सी. रेन, हे ठाऊक होतं का? व्याकरणाचे मास्तर आणि असल्या कादंबऱ्या! त्या काळी कोणत्या काकूंनी किती चघळलं असेल, देव जाणे.

आणि निबंध. अर्धा तास, एक विषय. गंमत अशी की विषयांची सगळी यादी ईटीएस स्वतःच जाहीर करून ठेवते, म्हणजे पेपर आधीच फुटलेला! पण विषय इतके आहेत की निबंध पाठ करणारा थकून जातो. मग पोरं साचा पाठ करतात: पहिल्या परिच्छेदात होय, दुसऱ्यात पण, शेवटी तात्पर्य. निबंध एक माणूस वाचतो आणि एक संगणक प्रणालीही वाचते. माणसाला साचा कळत असणारच. संगणकाला काय कळतं, त्यावर टपरीवर रोज नवा सिद्धांत.

कहर तर २०२० पासून झाला. टाळेबंदीत ही परीक्षा घरी बसून द्यायची सोय झाली आणि ती अजून आहे. खोलीचं दार बंद, आत दुसरं कुणी नको, कॅमेरा फिरवून चारी भिंती दाखवायच्या, साधा कागद चालत नाही, खरडायचं ते पांढऱ्या फळीवर. पलंगाखालची लोणच्याची बरणीसुद्धा साता समुद्रापलीकडे दिसली म्हणे. परीक्षेच्या दिवशी आमच्या मजल्यावर कुकरच्या शिट्ट्यांना बंदी, धुणं-भांडीवाल्या मावशींना सुट्टी आणि आजोबांची रवानगी बागेत. पूर्वी पेपर पावणेचार तासांचा असायचा. सप्टेंबर २०२३ पासून दोन तासांच्या आत आटोपतो, म्हणून आजोबा जेवायला वेळेवर घरी आले.

त्यात आणखी एक विपरीत. पहिला भाग चांगला सोडवला तर दुसरा मुद्दाम अवघड येतो, आणि पहिल्यात माती खाल्ली तर दुसरा सोपा. त्यामुळे मुलगी बाहेर येऊन ‘पेपर सोपा होता’ म्हणाली की आई पेढ्यांचा डबा पुन्हा कपाटात ठेवते. असली उलटी परीक्षा आमच्या वेळी नव्हती बाई!

आता तुम्ही विचाराल, एवढं करून विद्यापीठं ती मागतात तरी का? तिथेच तर मेख आहे. कुणी नको म्हणतं, कुणी ‘ऑप्शनल’ म्हणतं, कुणाला हवीच असते. ‘ऑप्शनल’ ही तर आपल्याकडच्या ‘आहेर आणू नये’सारखी सूचना, वाचतात सगळे, पाकीट घेऊन जातात सगळे. परवा एका स्थळाच्या माहितीपत्रात पत्रिकेच्या खाली ‘जीआरई ३२१’ लिहिलेलं मी या डोळ्यांनी वाचलं. छत्तीसपैकी गुण किती जुळतात ते राहिलं बाजूला, मुलीकडच्यांचा पहिला प्रश्न: त्यात व्हर्बल किती?

माझं मत विचाराल तर शब्द पाठ करा, खुशाल करा, ‘डबा गुल’ही करा, पण रोज एक लेख शेवटपर्यंत वाचणारा तो मागच्या बिल्डिंगमधला मुलगाच पुढे जाणार. ऑक्टोपस वडिलांना नाही पटला तरी. जीआरईचा स्कोअर पाच वर्षं चालतो, म्हणजे हे सगळं पाच वर्षं ऐकायची तयारी ठेवा. आणि जाता जाता एक काम: तुमच्याकडे कुणाची परीक्षा उरकली असेल तर शब्दांच्या चिठ्ठ्या रद्दीत घालू नका. आमच्या विंगमधल्या आणखी दोघी जुलैत बसताहेत. ‘एम’पासून पुढच्या असल्या तर आधी कळवा, ‘ए’च्या ढिगानं पडल्या आहेत.