शिट्टी न वाजवणारा राखणदार

मुंजीच्या पंगतीत शेजारी बसलेल्या नातेवाइकाचा दुसरा प्रश्न ठरलेला असतो. पहिला तब्येतीचा. जिलबी वाढून होईपर्यंत दुसरा येतोच, "काय रे, अँटीव्हायरस कुठला घालावा?" मी 'कॉम्प्युटरमध्ये' आहे एवढंच त्यांना ठाऊक असतं. मी तिथे नेमकं काय करतो हे माझ्या बायकोलाही नीटसं सांगता येत नाही, तर त्यांना कुठून येणार! पण माझं उत्तर तसंही कुणाला हवं नसतं. समोरच्या पानावरून आवाज येतो, "आमच्याकडे ते लाल छत्रीवालं होतं. फुकट." त्यावर पलीकडचा, "फुकटात कोण कुणाची राखण करतं हो?" मग ज्याने पैसे भरलेत तो घास गिळून म्हणतो, "आमचं रोज सांगतं. सकाळी मशिन लावलं की आधी सांगतं, सगळं ठीक आहे म्हणून." इथे सगळे गप्प होतात. याच्यापुढे काय बोलणार?

इतक्या पंगती जेवल्यावर माझं मत झालंय की अँटीव्हायरस निवडताना माणसं आवाज बघतात, गुणाचं नंतर. आमच्या कॉलनीत पूर्वी रात्री गुरखा फिरायचा. काठी आपटत, शिट्टी फुंकत. तो येतोय हे चोराला दोन गल्ल्या आधी कळत असणार. पण शिट्टी ऐकू आली की आपण कूस बदलून निर्धास्त झोपायचो, आणि एक तारखेला तो दारात उभा राहिला की कुणी त्याला विचारलं नाही की बाबा रे, महिन्याभरात चोर किती पकडलेस?

या धंद्याचा पायाच आवाजावर उभा आहे, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून ज्याचं नाव घेतात तो 'ब्रेन', 1986 सालचा, लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला. त्यांनी त्यात आपलं नाव, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता. इतका सभ्य व्हायरस पुन्हा झाला नाही. मग 1992 साली मायकेलँजेलो गाजला. तो 6 मार्चला, म्हणजे त्या थोर शिल्पकाराच्या वाढदिवशी, जागा होऊन डिस्क पुसणार होता. जगभरच्या वर्तमानपत्रांनी असा काही गजर केला की लाखो संगणक त्या दिवशी बसणार, पन्नास लाखांपर्यंत आकडे गेले. 6 मार्च उजाडला. बसले ते काही हजार. मात्र त्याआधीच्या आठवड्यांत अँटीव्हायरसच्या खोक्यांचा खप काय झाला असेल, याची कल्पना करावी.

आपल्याकडे त्याच सुमारास पुण्यात दोन भाऊ कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्यापासून संगणक दुरुस्त करण्यापर्यंत पोचले होते. सातारा जिल्ह्याकडचे कैलास आणि संजय काटकर. गिऱ्हाइकांची मशिनं व्हायरसने आजारी पडून परत परत यायची, म्हणून धाकट्याने ती बरी करणारा प्रोग्रॅम लिहिला, आणि त्यातून क्विक हील उभं राहिलं. 2016 मध्ये ते शेअर बाजारातही आलं. पंगतीत हे सांगितलं की एकदम वातावरण बदलतं. "म्हणजे आपला माणूस!" आणि तिथल्या तिथे निर्णय होतो. स्कॅन किती वेगात करतं, रॅम किती खातं, असला एकही प्रश्न मग येत नाही. मला हे फारसं खटकत नाही. ज्याच्या हाती घराची किल्ली द्यायची त्याचं गाव विचारून घेणं आपल्या रक्तातच आहे.

खऱ्या व्हायरसशी आमच्या घराची ओळख इंटरनेटने करून दिली नाही, ती झेरॉक्सच्या दुकानाने करून दिली. शाळेचा दाखला, गॅसचा अर्ज, बायोडेटा, काहीही छापायचं तर पेन ड्राइव्ह खिशात घालून कोपऱ्यावर जायचं. दुकानातला पोरगा तो मशिनीत खुपसायचा. त्या मशिनीत त्या दिवशी तालुक्यातले निम्मे पेन ड्राइव्ह येऊन गेलेले. घरी येऊन उघडावं तर 'न्यू फोल्डर' नावाचं एक नवंच फोल्डर दिसे. पिवळं, निरागस. खरं तर ते फोल्डर नसायचंच. फोल्डरचा मुखवटा चढवलेला प्रोग्रॅम. त्याच्या नावापुढचं 'ईएक्सई' दिसलं असतं तर कुणीही सावध झालं असतं, पण विंडोज फाइलीचं आडनाव आपणहून लपवून ठेवते, आजही ठेवते, आणि हा उद्योग कशासाठी ते मला आजवर पटलेलं नाही. 2000 सालच्या मे महिन्यात मनिलाहून निघालेल्या 'आय लव्ह यू'नेही याच आडपडद्याचा फायदा घेतला. फाइल दिसायची 'टीएक्सटी', साधं प्रेमपत्र. पुढचं 'व्हीबीएस' पडद्याआड. तेव्हा कुठलाही अँटीव्हायरस घ्या, पण आधी फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक करा. फुकट आहे, आणि आवाज करत नाही, म्हणून कुणी करत नाही.

त्यापुढची पिढी शॉर्टकटवाली. पेन ड्राइव्ह लावला की सगळे फोल्डर शॉर्टकट होऊन बसलेले, आणि आई हंबरडा फोडायच्या बेतात, कारण त्यात भाचीच्या लग्नाचे फोटो. फोटो कुठे गेलेले नसायचे. नुसते लपवलेले असायचे. आमच्याकडे येणारा असेंबलीवाला पोरगा काळी खिडकी उघडून 'ॲट्रिब'ची एक लांबलचक ओळ तोंडपाठ टाइप करायचा, एंटर मारायचा आणि फोटो परत यायचे. आईच्या लेखी तो देवमाणूस. जाताना मात्र म्हणायचा, "काकू, अँटीव्हायरस रिन्यू करून टाका." आणि आई चहाबरोबर पैसेही द्यायची.

फायरवॉलचं प्रकरण वेगळं. 2003 च्या ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा सुटला होता. काही उघडायला नको, कशावर क्लिक करायला नको, नुसतं मशिन इंटरनेटला जोडलं की पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू आणि मशिन बंद. एक्सपीत भिंत तेव्हाही होती, पण बंद करून ठेवलेली. पुढच्या वर्षीच्या सर्व्हिस पॅकपासून ती आपोआप चालू राहू लागली. त्या मधल्या काळात कुणीतरी बाबांना झोनअलार्म घालून दिलं. ते दर गोष्टीला परवानगी मागायचं. "एसव्हीसी होस्टला इंटरनेटवर जायचंय. जाऊ द्यायचं?"

बाबा मला हाक मारायचे. "अरे, हा होस्ट कोण?"

"विंडोजचाच आहे, बाबा."

"मग घरचा असून बाहेर काय काम आहे त्याचं?"

आणि 'नाही'वर टिचकी. त्याच्याबरोबर इंटरनेटच बंद. पहिले काही दिवस बाबांनी सगळ्यांना 'नाही' म्हटलं. घरात मेल येईना. मग कंटाळून सगळ्यांना 'हो' म्हणायला लागले, नाव न वाचता. दिवसाला वीस वेळा विचारणाऱ्या पहारेकऱ्याचं अखेर हेच होतं. आताची विंडोजची फायरवॉल बहुतेक गोष्टी स्वतःच ठरवते, आणि घरचा राउटरही बाहेरून न बोलावता आलेल्याला मुळात आत घेत नाही. फक्त त्याच्या पाठीवरच्या चिकटपट्टीवर छापलेला पासवर्ड बदलायला हवा.

ब्राउझरबद्दल घराघरांतून कडाक्याचे वाद होतात. क्रोम की एज? गंमत म्हणजे क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, सगळ्यांच्या बॉनेटखाली क्रोमियमच. वेगळं इंजिन हवं तर फायरफॉक्स. इंटरनेट एक्स्प्लोररला मायक्रोसॉफ्टने 15 जून 2022 रोजी निरोप दिला, पण तो काही कचेऱ्यांच्या मनातून अजून गेलेला नाही. एरवी कुठलाही घ्या, अद्ययावत ठेवा, आणि एक्स्टेन्शन्स जेवढी कमी तेवढं बरं.

खरा घोळ ब्राउझरच्या एका छोट्या प्रश्नात आहे. "ही साइट तुम्हाला नोटिफिकेशन पाठवू इच्छिते." शेजारच्या काकू उकडीच्या मोदकांची पाककृती शोधत होत्या. पुढे जायची घाई, म्हणून 'अलाउ' दाबलं. तेव्हापासून त्यांच्या पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात दर दहा मिनिटांनी लाल चौकोन: तुमच्या संगणकात पाच व्हायरस आहेत, तुमच्या अँटीव्हायरसची मुदत आज संपतेय, इथे दाबा. व्हायरस एकही नव्हता. त्या पाककृतीवाल्या साइटला मिळालेली परवानगी वापरून कुणीतरी हाकाटी पिटत होतं, एवढंच. मी सेटिंग्जमध्ये जाऊन साइटच्या परवानग्यांतलं नोटिफिकेशन बंद केलं. लाल चौकोन गेला. काकूंनी मिनिटभर त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, पण आता खरंच व्हायरस आला तर सांगणार कोण?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते काकूंना पटणारं नव्हतं. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, डिफेंडर नावाचा अँटीव्हायरस विंडोजमध्येच येतो. आधी तो यथातथाच होता. आता स्वतंत्र चाचण्यांत पैसे भरून घेतलेल्यांच्या बरोबरीने बसतो. घरच्या साध्या वापराला तो पुरे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याचा स्वभाव बघा. तुम्ही दुसरा अँटीव्हायरस घातलात की हा मुकाट्याने बाजूला होतो, कारण दोन अँटीव्हायरस एकाच मशिनीत बसवले तर ते एकमेकांवरच पाळत ठेवत मशिनीला घाम आणतात. आणि त्या दुसऱ्याची मुदत संपली, तुम्ही पैसे भरायचे विसरलात, की हा पुन्हा कामावर हजर. न बोलावता, न सांगता. असल्या नोकराला पगारवाढ कोण देणार?

बाबांना तो मान्य नव्हता. "काही बोलतच नाही," ही त्यांची तक्रार. शेवटी मी त्यांना आयकार चाचणी दाखवली. अँटीव्हायरस जागा आहे का हे पाहण्यासाठी ठरवून घेतलेली अडुसष्ट अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ आहे. तिच्यात विष काही नाही. सगळ्या अँटीव्हायरसवाल्यांनी तिला व्हायरस मानायचं कबूल केलंय. मी नोटपॅड उघडलं. बाबा खुर्ची ओढून बसले. एकेक अक्षर बघून टाइप केलं, फाइल डेस्कटॉपवर सेव्ह केली. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच फाइल गायब, आणि कोपऱ्यात निरोप: धोका सापडला.

"धरला!" बाबा टाळी वाजवून म्हणाले. "पुन्हा कर."

पुन्हा केलं. पुन्हा धरला. मग त्यांनी आईला स्वयंपाकघरातून बोलावून आणलं.

त्यानंतर कुणी पाहुणे आले की बाबांना ती करामत दाखवायची असते. मी एकीकडे ती दाखवतो आणि दुसरीकडे पाहुण्यांच्या हातातल्या फोनकडे बघत बसतो. कारण चोर आता संगणकाच्या दाराशी फारसे येतच नाहीत. ते व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका म्हणून एपीके फाइल पाठवतात, नाहीतर पोलिसांच्या गणवेशात व्हिडिओ कॉल करून 'डिजिटल अटक' करतात. तिथे डिफेंडर काय करणार? पैसे गेलेच तर 1930 वर लगेच फोन लावायचा, हे मात्र मी प्रत्येक पंगतीत सांगतो. ते कुणी लक्षात ठेवत नाही, छत्रीवालं आठवतं.

आता नवीनच प्रश्न उभा आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला. एक वर्षाची वाढीव मुदत आम्ही पदरात पाडून घेतली, पण आमचं मशिन जुनं. विंडोज 11 ला लागतो तो प्रोसेसर त्याच्यात नाही. भाचा परवा येऊन म्हणाला, "आजोबा, लिनक्स टाकू या. मिंट. एकदम मक्खन चालेल."

बाबांनी चष्मा पुसला. "त्याला अँटीव्हायरस कुठला घालायचा?"

"लागत नाही, आजोबा. घरच्या वापराला तरी नाही."

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. भाचा गेल्यावर मला म्हणाले, "पोरगं हुशार आहे रे. पण तू त्याला सांग, एखादं साधंसं तरी घाल म्हणावं. पकडलं नाही तरी चालेल, अधूनमधून बोलणारं असलं म्हणजे झालं."