‘य’ राहतो त्या सोसायटीत

वकील कलमं वाचतात. त्यांच्याखाली दिलेली उदाहरणं मन लावून कुणीच वाचत नाही. वाचली असती तर ‘य’ नावाच्या माणसासाठी एव्हाना चार लोकांनी वर्गणी काढली असती. मेकॉले १८३४ साली हिंदुस्थानात आला, १८३७ साली त्याच्या पुढाकाराने भारतीय दंड संहितेचा मसुदा तयार झाला, आणि कायदा सामान्य माणसाला कळावा म्हणून कलमांखाली काल्पनिक प्रसंग घातले गेले. इंग्रजीत त्यांतली मुख्य पात्रं ‘ए’ आणि ‘झेड’. आपण त्यांना ‘क’ आणि ‘य’ म्हणू. ‘क’ हा भलता उद्योगी माणूस. ‘य’च्या वाट्याला फक्त सोसणं. ‘य’ पालखीत बसला की ‘क’ दांडी धरून पालखी अडवतो. ‘य’ रथातून निघाला की ‘क’ त्याच्या घोड्यांना चाबूक मारतो. ‘य’ बिचारा टबात आंघोळीला बसला तर ‘क’ त्यात उकळतं पाणी ओततो. टेबलावर राहिलेली ‘य’ची अंगठी ‘क’ ‘य’च्याच घरात लपवून ठेवतो, ‘य’ विसरला की सावकाश विकता येईल म्हणून. कुत्रासुद्धा ‘य’शी एकनिष्ठ नाही. ‘क’ खिशात कुत्र्याचा खाऊ ठेवून फिरतो, आणि कुत्रा त्याच्या मागे चालू लागला की त्या पावलाला चोरी पूर्ण होते.

ही संहिता १८६० साली मंजूर झाली, १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली आणि १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहितेला जागा देऊन निवृत्त झाली. आकडे बदलले. चोरी ३७८ वरून ३०३ वर आली. फसवणूक ४२० सोडून ३१८ मध्ये राहायला गेली, त्यामुळे मराठीतल्या एका खणखणीत शिवीचं नुकसान झालं ते झालंच. कुणाला ‘तीनशे अठरा’ म्हणून पाहा, तो तुम्हाला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवेल. ‘य’चे हाल मात्र नव्या संहितेतही संपलेले नाहीत.

तर हा ‘य’ पालखी आणि रथ विकून आता सहकारी गृहनिर्माण संस्थेत राहायला आला आहे. पुण्यात म्हणा, डोंबिवलीत म्हणा. वरच्या मजल्यावर ‘क’ आहेच. कायद्याचं अज्ञान ही सबब होत नाही, हे तत्त्व या संस्थेतल्या सभासदांनी इतकं मनावर घेतलं आहे की इथे ज्ञानाचाच त्रास जास्त. ग्रुपवर सकाळी फुलांच्या आधी कलमं येतात.

पहिला खटला आंब्याचा. झाड शेजारच्या संस्थेचं, रायवळ, फांदी भिंतीवरून आपल्या आवारात. कैऱ्या दिसू लागल्या आणि सभासदांची न्यायबुद्धी जागी झाली. ‘क’ म्हणतो, आपल्या हवेत लोंबतं ते आपलं. इंग्लंडात हा वाद कधीच निकालात निघाला आहे. आपल्या हद्दीत आलेली फांदी शेजाऱ्याला न विचारता छाटता येते, हे १८९४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं. आणि छाटलेल्या फांदीवरची सफरचंदं मात्र झाडाच्या मालकाचीच, हे १९१९ साली दुसऱ्या एका खटल्यात ठरलं. म्हणजे कष्ट तुमचे, फळ त्याचं. गीता वाचलेल्या देशात हे समजायला कठीण जाऊ नये. पण आपल्याकडे त्याच्याही अलीकडे एक दार आहे. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे, आणि फांदी छाटायची तर आधी महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. तो मंजूर होईपर्यंत कैरीचा आंबा होतो, आंब्याची कोय होते आणि प्रश्न कायद्याच्या कक्षेतून बाहेर पडतो. दरम्यान संस्थेतली मुलं रोज संध्याकाळी दगड मारून कैऱ्या पाडतात आणि तिखटमीठ लावून खातात. त्यांनी एकही निकाल वाचलेला नाही.

माझं सगळ्यांत आवडतं उदाहरण चोरीच्याच कलमाखाली आहे, आणि मराठी मध्यमवर्गाने ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावायला हवं. ‘क’ची ‘य’शी मैत्री आहे. ‘य’ घरी नसताना ‘क’ त्याच्या ग्रंथसंग्रहात जातो आणि एक पुस्तक उचलतो. वाचायचं आणि परत करायचं, एवढाच हेतू. मित्राची मूक संमती आहे असं त्याला प्रामाणिकपणे वाटलं असेल तर ही चोरी नव्हे. मेकॉले अफाट वाचणारा माणूस होता, पण त्याचे वाचक मित्र मराठी नव्हते. ‘परत करायच्या हेतूने’ हे शब्द त्याने किती विश्वासाने लिहिले असतील! आपल्याकडे हा हेतू तीस तीस वर्षं टिकतो. इतका टिकाऊ हेतू दुसऱ्या कुठल्याही कायद्यात सापडणार नाही. मुदतीचा कायदा अशा वस्तूंच्या दाव्याला साधारण तीन वर्षं देतो, आणि ‘य’ सभ्य असल्यामुळे ती तीन वर्षं आठवण कशी करून द्यायची या संकोचातच जातात. चौथ्या वर्षी तो ‘क’कडे चहाला जातो. पुस्तक कपाटात असतं. त्याला खाकी कागदाचं कव्हर घातलेलं असतं. पहिल्या पानावर ‘क’चं नाव, सही, तारीख, आणि वर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘क्र. २१७’. ‘य’ धीर करून म्हणतो, हे मला जरा वाचायला हवं होतं. ‘क’ उदारपणे पुस्तक काढून देतो आणि दारापर्यंत सोडायला येऊन सांगतो, “वाचा निवांत. फक्त परत करा हं, लोक नेतात आणि विसरतात.”

ताब्याचा कायदा समजून घ्यायला मात्र सोसायटी सोडून एसटी स्टँडवर जावं लागतं. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल पडतो, टोपी पडते, पिशवी पडते. ‘क’ बाहेरून रुमाल टाकतो. ‘य’ दाराशी लोंबकळत, कोपर खात आत शिरतो आणि बसतो. नेमका रुमालावर. जागा कुणाची?

जगातल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना हाच प्रश्न कोल्ह्याच्या नावाने शिकवतात. न्यूयॉर्क राज्यातला १८०५ चा निकाल आहे. पोस्ट नावाचा गृहस्थ शिकारी कुत्रे घेऊन ओसाड किनाऱ्यावर कोल्ह्याच्या मागे लागला होता. पिअर्सन नावाच्या दुसऱ्याने हे बघत असतानाच मध्ये घुसून कोल्हा मारला आणि उचलून नेला. न्यायालयात बहुमताने ठरलं की नुसता पाठलाग म्हणजे ताबा नव्हे. प्राणी हाती लागला पाहिजे किंवा निसटूच शकणार नाही असा घायाळ तरी झाला पाहिजे. लिव्हिंग्स्टन नावाच्या न्यायाधीशांनी वेगळं मत दिलं. त्यांचं म्हणणं असं की हा वाद खरं तर शिकाऱ्यांनीच आपसात बसून मिटवायला हवा होता, त्यांना त्यातलं जास्त कळतं.

आता रुमाल म्हणजे पाठलाग की ताबा? बहुमत लावलं तर ‘य’ जिंकतो, कारण सीट त्याच्या अंगाखाली आहे. ‘क’ म्हणणार, रुमालाने सीट घायाळ झाली होती. काही अनुभवी मंडळी हा धोकाच पत्करत नाहीत. ती खिडकीतून घरातलं लहान मूल आत सोडतात. मूल हा प्रत्यक्ष ताबा. त्यावर अपील नाही. पण आपल्या एसटीने शेवटी लिव्हिंग्स्टनसाहेबांचंच ऐकलं आहे, त्यांचं नाव न ऐकता. मागच्या सीटवरच्या आजी, शेजारचा शेतकरी, उभा असलेला कॉलेजचा पोरगा असे तिघंचौघं पंच होतात, दोन्ही बाजू एकदमच ऐकल्या जातात, आणि कंडक्टर येऊन अंतिम निकाल देतो: “रुमालाचं तिकीट काढलंय का? मग सरका.” तिघांच्या सीटवर चौघं बसतात. इतका जलद न्याय या देशात दुसरीकडे मिळत नाही.

घरातल्या घरात झालेल्या करारांबद्दल फार बोलायला नको. बायकोला दरमहा तीस पौंड पाठवायचं वचन देऊन ते न पाळणाऱ्या बाल्फोर नावाच्या सिलोनमधल्या इंजिनिअरला १९१९ साली इंग्लंडच्या न्यायालयाने सोडून दिलं. नवराबायकोतले असे शब्द म्हणजे कायदेशीर करार नव्हेत, आणि ते धरायचे तर छोटी न्यायालयं शंभरपट वाढवावी लागतील, असं न्यायमूर्ती अ‍ॅटकिन म्हणाले. १९१९ हे साल सफरचंदांना आणि नवऱ्यांना दोघांनाही लक्षात राहण्यासारखं गेलं. “उद्यापासून कुकर मी लावतो” या वाक्याला त्या दिवसापासून कायद्याचं संरक्षण आहे. म्हणजे ते न पाळणाऱ्याला.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, एवढ्या तेवढ्या गोष्टींना कायदा कशाला? कायद्यालाही हे वाटलं होतं. जुन्या संहितेत ९५ वं कलम होतं, नव्यात ते ३३ वं आहे. त्याचा सारांश असा की एखाद्या कृत्याने झालेलं नुकसान जर इतकं किरकोळ असेल की साधारण समजेचा आणि साधारण स्वभावाचा माणूस त्याबद्दल तक्रार करणार नाही, तर तो गुन्हाच नव्हे. संपूर्ण संहितेतलं हे सगळ्यांत समंजस वाक्य, आणि ‘य’च्या सोसायटीत ते नेहमी आरोपीच्याच तोंडी असतं. ‘क’च्या कुंडीचं पाणी ‘य’च्या वाळत घातलेल्या धोतरावर गळलं की ‘क’ म्हणतो, एवढ्याशा गोष्टीचं काय मनावर घेता. ‘य’च्या मिक्सरचा आवाज सहा वाजता वर गेला की तोच ‘क’ ध्वनिप्रदूषणाचे नियम पाठवतो, डेसिबलसकट.

मुळात हा साधारण समजेचा माणूस राहतो कुठे? इंग्रजांनी त्याला क्लॅपहॅमच्या बसमध्ये बसवलं. हा रीतसर वागणारा, वेळेवर ब्रेक मारणारा, जिन्यात चपला न ठेवणारा गृहस्थ. निष्काळजीपणाच्या दाव्यात प्रत्येक प्रतिवादीला त्याच्या शेजारी उभं करून मोजतात. आणि आपले वाडवडील सांगून गेले आहेत की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. म्हणजे ज्या एका माणसाच्या मापाने न्यायालय सगळ्यांना मोजतं, तो तिथे कधीच येत नाही. आला तर तो शहाणा नाही, नाही आला तर त्याला कुणी पाहिलेलं नाही. कायद्याचा एवढा मोठा डोलारा एका गैरहजर माणसावर उभा आहे आणि तो नीट चालतो, याचंच मला नवल वाटतं.

आता शेवटचा खटला. यात ‘य’ पहिल्यांदाच सोसणारा नाही, म्हणून मुद्दाम ठेवला.

‘य’च्या घरातली चांदीची वाटी हरवली. घरात धुणंभांड्याला मावशी येतात. मेकॉलेने त्यांना अक्षर दिलेलं नाही, त्यामुळे त्यांना मावशीच म्हणावं लागेल. सोसायटीच्या लिफ्टबाहेर ‘घरकाम करणाऱ्यांनी जिन्याचा वापर करावा’ अशी पाटी आहे, म्हणून त्या चार मजले चढून येतात. वाटी नाही हे दुपारी लक्षात आलं, चारला ग्रुपवर मावशींचा फोटो पडला, साडेचारला सेक्रेटरींनी सगळ्यांना सावध केलं, पाचला वॉचमनला सांगितलं की उद्यापासून आत सोडू नको. महिन्याच्या पगारातून दोन हजार रुपये कापले. मावशींना कुणी काही विचारलं नाही.

दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय निकाल द्यायचा नाही, हे तत्त्व फार जुनं आहे. केंब्रिज विद्यापीठाने बेंटली नावाच्या विद्वानाच्या पदव्या त्याला न विचारता काढून घेतल्या होत्या, आणि १७२३ साली न्यायालयाने त्या परत द्यायला लावल्या. तेव्हा न्यायमूर्ती फॉर्टेस्क्यू म्हणाले होते की प्रत्यक्ष देवानेसुद्धा अ‍ॅडमला शिक्षा देण्याआधी विचारलं होतं, तू कुठे आहेस, ते फळ खाल्लंस का. देवाला उत्तर ठाऊक होतं, तरी विचारलं. ‘य’ला ठाऊक नव्हतं, तरी त्याने विचारलं नाही. आणि हाच ‘य’ गेल्या वर्षी पार्किंगच्या पट्ट्याबद्दल आपल्याला नोटीस न देता ठराव केला म्हणून उपनिबंधकाकडे गेला होता. अर्जात ‘नैसर्गिक न्याय’ हे शब्द त्याने दोनदा अधोरेखित केले होते. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ सालीच कल्याण मंडळाचा कायदा झाला. तो मात्र या ग्रुपवर अजून कुणी फॉरवर्ड केलेला नाही.

वाटी दहा दिवसांनी आली. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला ‘य’च्या घरून तिच्यातून आंब्याची डाळ ‘क’कडे गेली होती, आणि रिकामी वाटी परत कशी द्यायची म्हणून ‘क’च्या घरी काहीतरी गोड होण्याची वाट बघत ओट्यावर पालथी पडून होती. आली ती साखर घालून आली. ‘क’ने काही गुन्हा केलेला नाही, उलट रीत पाळली. ग्रुपवर ‘सापडली’ एवढं लिहून पुढे जोडलेल्या हातांचं छोटं चित्र टाकलं गेलं, फोटो मात्र तसाच राहिला. बदनामी नव्या संहितेत ३५६ व्या कलमाखाली येते, ते कुणाला आठवलं नाही.

मावशी आता शेजारच्या, आंब्याच्या झाडाच्या सोसायटीत कामाला जातात. कापलेले दोन हजार रुपये अजून ‘य’कडेच आहेत. ते त्याने मावशींना स्वतः नेऊन द्यावेत, आणि फोटो आजच काढून टाकावा.